गुरुवारचा आवाज

चि. भाचीबाईस,


परवा तुझा मेसेज आला, 'मामा, गेमिंगसाठी हेडफोन घ्यायचाय, पंधराशेच्या आत, कुठला घेऊ?' मी नुसतं नाव कळवलं असतं तर तू त्याच मिनिटाला ऑर्डर टाकून मोकळी झाली असतीस. म्हणून उत्तर राखून ठेवलं आणि आज सुट्टीच्या दिवशी नीट लिहायला बसलो. भोसरीपासून चाकणपर्यंत आता घरोघरी तुझ्यासारखी खेळणारी पोरं आहेत. त्यांच्याही हाती हे पत्र पडावं असं वाटतं.

आधी माझ्या कामाचं सांगतो. चाकणला मी प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे, हे तुला माहीतच आहे. पत्रा आत सरकतो, डाय खाली येते, धाड्. पाळीभर हेच. उमेदीच्या वर्षांत मी दारातून आत शिरलो की मला कळायचं, चार नंबरच्या प्रेसचं बेअरिंग बोलायला लागलंय. त्या गदारोळात एक बारीक कुईं असायची आणि ती कुठून येतेय हे शोधावं लागत नसे, मान आपोआप तिकडे वळायची. आता ती कुईं मला ऐकूच येत नाही. शॉपमधला नवा पोरगा येऊन सांगतो, मग मी हात लावून बघतो, बेअरिंग तापलंय का.

दिवाळीत तू मला व्हॅलोरंट हा गेम दाखवलास, तेव्हा मला माझे तेच दिवस आठवले. पडद्यावर कुणी नव्हतं, तरी तू म्हणालीस, 'मामा, डावीकडून येतोय, जिन्यावरून,' आणि खरंच तिथून एकजण निघाला. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. हे कसब तुझ्या दोन कानांचं आहे. हेडफोननं फक्त मध्ये यायचं नाही.

म्हणून डब्यावर '७.१ सराउंड' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी त्यासाठी पैसे जास्त मोजू नकोस. या किमतीत आत दोनच स्पीकर असतात, बाकीची दिशा सॉफ्टवेअर तयार करतं. ते काम तुझा गेम फुकटात करतो. ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे, तो चालू कर आणि हेडफोनचं स्वतःचं सराउंड बंद ठेव, दोन्ही एकदम लावलीस तर आवाजाचा चिखल होतो. पन्नास मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकर, चाळीसच्या ड्रायव्हरपेक्षा चांगलाच असतो असंही नाही. आणि दणदणीत बेस तर नकोच. बॉम्बचा धमाका जोरात वाजतो आणि पावलं त्याखाली दबतात.

ब्लूटूथही नको. बटण दाबल्यावर आवाज जरासा मागून येतो, गाण्याला चालतं, खेळात चालत नाही. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू केलास की ऐकू येणारा आवाजही जुन्या फोनसारखा चपटा होतो. वायरचाच घे. तुझ्या कॉम्प्युटरला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं आहेत आणि हेडफोनला बहुधा एकच पिन येते, तेव्हा सोबत स्प्लिटर मिळतोय ना ते बघ. कॅबिनेटच्या पुढच्या भोकात घुंईं आवाज येत असेल तर यूएसबीवाला बरा, त्याचं साउंड कार्ड त्याच्याच पोटात असतं. कॉलनीतल्या पोरांचे किती हेडफोन मी सोल्डर करून दिलेत. दहातले आठ पिनेजवळच तुटलेले असतात. तिथं रबराची लवचीक बाही आहे का, हे बोटानं वाकवून बघायचं.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी कंपनीत आमची ऑडिओमेट्री होते. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. टीं वाजलं की दाबायचं. मागच्या खेपेला मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो, कानात काहीच येत नव्हतं. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय. काचेतून पाहिलं तर तिकडची मुलगी लिहून घेत होती. तीन आवाज होऊन गेले होते. कागदावरची रेघ चार हजार हर्ट्झला खड्ड्यात गेल्यासारखी खाली, डाव्या कानाची जास्त. गोंगाटानं गेलेला कान असाच आधी चार हजारांच्या आसपास जातो. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली. तुझी मामी 'साखर' म्हणते, मला 'आखर' ऐकू येतं, आणि मी तिच्या ओठांकडे बघतो. कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात घालायला प्लग मिळायचे, पण बेअरिंग ऐकायचं म्हणून मी ते खिशात ठेवायचो. ती चूक माझी.

कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही नियमातली हद्द आहे आणि गोंगाटानं येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. तुझ्या खोलीत कुठला इन्स्पेक्टर येणार? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब कारखान्यापेक्षा कडक आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० झाला की फक्त ४ तास. तू रोज तीन तास खेळतेस, म्हणजे आठवड्याचे एकवीस. त्यात खेळातली गोळी म्हणजे आमच्या डायचा ठोकाच. गेमिंग आणि कान यांवर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात असे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत मोजल्याची नोंद आहे.

पण तू आवाज वाढवतेस ते हौसेनं नाही, हे मला कळतं. डोक्यावर पंखा, खाली रस्ता, मागच्या गल्लीत लेथ आणि ग्राइंडर. त्यावर मात करायला बोट व्हॉल्यूमकडे जातं. म्हणून माझी निवड एकाच कसोटीवर आहे: ज्यात कमी आवाजात स्पष्ट ऐकू येईल तो. कान पूर्ण आत बसेल असा मोठा, बंद कप हवा. त्यानं पंख्याची सूं आणि ग्राइंडरची किरकिर बरीच अडते. ट्रकची घरघर थोडी येणारच. तुझ्या चष्म्याची काडी गादी उचलून धरते आणि फटीतून गोंगाट आत येतो, तेव्हा गादी मऊ हवी. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनखाली कान घामेजतात, कापडी गादी सुसह्य, पण ती आवाज थोडा कमी अडवते. मी तुझ्यासाठी मऊ रेक्झिनच घेईन आणि तासाला पाच मिनिटं काढून ठेवायला सांगेन.

नावच हवं असेल तर कॉस्मिक बाइट हा आपल्या पुण्याचाच ब्रँड आहे, त्यांचा जीएस४१० तुझ्या पैशांत बसावा. दिवे नसलेला, गाद्या बदलता येणारा दुसरा कुठला डोक्यावर नीट बसला तर तो घे. हातात घेतल्याशिवाय मात्र ठरवू नकोस.

आणि व्हॉल्यूम लावायचा तो गुरुवारी. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, मागची गल्ली गप्प असते. त्या शांततेत पावलं जेमतेम स्पष्ट येतील एवढाच ठेव आणि विंडोजमधला आकडा वहीत लिहून ठेव. शुक्रवारी मशिनं सुरू झाल्यावर तो आकडा पुरला नाही, तर कप नीट बसलेला नाही असं समज. आकडा वाढवू नकोस, मला फोन कर.

येत्या गुरुवारी तुझं कॉलेज सुटलं की पिंपरी कॅम्पात ये, शगुन चौकात भेटू. चष्मा घालूनच ये आणि फोनमध्ये तुझ्या खेळाचं रेकॉर्डिंग आण, दुकानात तेच लावून बघू. बाजारात चालताना मी तुझ्या डाव्या हाताला राहीन, म्हणजे माझा उजवा कान तुझ्याकडे येईल.

तुझा,
मामा