बी प्राइम, काँटॅक्ट दोन

अपस्मार गोळ्यांना दाद देत नसेल आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तर फिट मेंदूच्या कोणत्या भागातून उठते हे आधी ठाऊक हवं. डोक्यावर तारा लावून काढलेला ईईजी आणि एमआरआय यांचा मेळ बसला नाही, तर कवटीला बारीक छिद्रं पाडून इलेक्ट्रोड आत सोडावे लागतात. पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ तालेराक आणि झाँ बांको यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर ही पद्धत उभी केली. तिचं नाव स्टिरिओ-ईईजी. इलेक्ट्रोड बसले, की आम्हा न्यूरोरेडिओलॉजिस्टांचं काम सुरू होतं. कोणता काँटॅक्ट कुठे पोचला, ते आम्ही सांगायचं.

इलेक्ट्रोडची जाडी ०.८ मिलिमीटर. त्याच्यावर धातूचे काँटॅक्ट असतात, प्रत्येक २ मिलिमीटर लांब, मध्ये दीड मिलिमीटरची फट. मेंदूचा करडा थरही बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटरच जाड. त्यामुळे एक काँटॅक्ट करड्या थरात आणि शेजारचा पांढऱ्या भागात, असं सहज घडतं.

एमआरआयत मेंदू स्वच्छ दिसतो, सीटीत धातू. म्हणून ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि नंतरचा सीटी आम्ही एकमेकांवर बसवतो. अडचण अशी, की हाड सीटीत पांढरंशुभ्र आणि एमआरआयत काळं, त्यामुळे रंगाला रंग जुळवून भागत नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममधल्या लूव्हेन आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी यावर तोडगा काढला: एका चित्रातली छटा कळली की दुसऱ्यातली किती खात्रीने ओळखता येते, हे मोजायचं आणि ती खात्री जास्तीत जास्त होईपर्यंत चित्र सरकवत राहायचं. आजही बरीच सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतात.

आता 'बी प्राइम' नावाचा इलेक्ट्रोड पाहू. बी म्हणजे मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे जाणारा, प्राइम म्हणजे डाव्या बाजूचा. क्रमांक आतल्या टोकापासून. चित्राच्या एकेका कापावरून पुढे सरकलं, की पहिले दोन-तीन काँटॅक्ट हिप्पोकॅम्पसमध्ये, मधले पांढऱ्या भागात आणि शेवटचे बाहेरच्या बाजूच्या टेम्पोरल वळीच्या करड्या थरात दिसतात. फिट सुरू होताना काँटॅक्ट दोन आधी बोलला आणि तो खरंच हिप्पोकॅम्पसमध्ये असला, तरच त्या नोंदीला अर्थ.

फसगत दोन ठिकाणी होते. सीटीत धातू असतो त्याहून फुगून दिसतो. काप जाड घेतले, तर मधल्या फटी बुजून काँटॅक्टच्या माळेची सळई होते, म्हणून काप १ मिलिमीटरहून पातळ हवेत. दुसरं, छिद्रांऐवजी कवटी उघडून मेंदूवर इलेक्ट्रोडची जाळी पसरली, तर मेंदू खाली दबतो. मग जुन्या एमआरआयवर ते ठिपके मेंदूच्या आत रुतल्यासारखे दिसतात आणि हिशेबाने वर, पृष्ठभागावर आणावे लागतात.

हल्ली सॉफ्टवेअर प्रत्येक काँटॅक्टला आपोआप नावाची चिठ्ठी लावतं. ती चिठ्ठी मेंदूच्या तयार नकाशातून येते, रुग्णाच्या मेंदूतून नाही. जिथे गाठ, जन्मजात व्यंग किंवा जुनं ऑपरेशन आहे, तिथे नकाशा सहज चुकतो, आणि आमचे बरेच रुग्ण नेमके तसलेच. म्हणून माझ्या रिपोर्टात नावापुढे करडा, पांढरा की सीमेवरचा, हे प्रत्येक काँटॅक्टसाठी लिहिलेलं असतं. मेंदूचा कोणता तुकडा काढायचा, हा निर्णय सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत त्रिमितीय चित्रावर कधीही घेऊ नये. तो मूळ काप डोळ्यांनी पाहूनच घ्यावा.