सावलीची बाजू

बारामतीच्या दफनभूमीत सकाळी आईच्या कबरीवर शेवंतीची फुलं ठेवली, 'उपासना संगीता'तलं तिचं आवडतं गीत हळू आवाजात म्हटलं आणि एसटी स्टँड गाठला. ती गेली त्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. इंदापूरची गाडी लागलेलीच होती. लहानपणी याच गाडीत तिच्याशेजारी हाफ तिकिटावर बसायचे. आता महिलांच्या सवलतीत कंडक्टरनं पुन्हा हाफच दिलं. मी डावीकडची खिडकी धरली. सकाळी इंदापूरला जाताना ऊन उजवीकडून येतं. आईच्या मांडीवर लसीचा डबा असायचा, त्यात बर्फाच्या चार पिशव्या. त्याला ऊन लागू नये म्हणून आमची जागा कायम डावीकडे.

आई सरकारी नर्स, एएनएम. ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टचे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत आले, आणि आमच्या घरात बायबल आणि पाटी एकाच सुमारास आली. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली हॉस्पिटल उघडलं. परक्याचं रक्त, परक्याचा मळ हाताळायला घरंदाज म्हणवणारी घरं आपल्या लेकींना पाठवत नव्हती, तेव्हा ख्रिस्ती मुली ते काम शिकल्या. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

काटेवाडी मागे पडली. भवानीनगरला साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला, रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. एका थंडीच्या रात्री कोपीतून बोलावणं आलं आणि मला एकटीला घरी ठेवता येईना म्हणून आईनं बरोबर नेलं. पाचटाच्या त्या कोपीत उभं राहायलाही जागा नव्हती. मी बाहेर कंदील धरून उभी. आईनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नवं ब्लेड, उकळलेला दोरा काढला. मूल रडेपर्यंत तिचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती हे मला ठाऊक होतं. बाळंतिणीला वाटलं, बाई काहीतरी मोजतेय. पहाटे बाळंतिणीचा नवरा कोयता घेऊन फडात गेला आणि आई तिथेच बसून राहिली, अंगावरून जास्त जात नाही ना ते पाहत.

बेलवाडीला मी मुद्दाम उतरले. आषाढात तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथे होतं. त्या दिवशी माळ रिकामा होता, दोन शेळ्या चरत होत्या. पालखीत आईची ड्युटी असायची. खुर्ची असूनही ती खाली बसायची आणि वारकऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची. आधी चिखल धुवायचा, मग फोड कडेनं हलकेच टोचून पाणी काढायचं, कातडं तसंच ठेवायचं, वर मलम आणि पट्टी. कातडं ओढलं की जखम उघडी पडते, असं सांगायची. पट्टी झाली की म्हातारे वारकरी 'माउली' म्हणून तिच्या पाया पडायचे आणि ती घाईघाईनं त्यांच्या पाया पडायची. मी एकदा विचारलं, "आई, आपण तर वारकरी नाही ना?" ती हात धूत होती. म्हणाली, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा कोण कुठला ते विचारलं होतं का?"

तिच्या मनाला एकच गोष्ट लागायची, रविवार. १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला आणि पुढे बहुतेक फेऱ्या रविवारीच येऊ लागल्या. उपासना चुकायची. मंडळीतल्या कुणीतरी टोमणा मारला, ती रात्रभर गप्प होती. सकाळी डब्याचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाली, शब्बाथाच्या दिवशी प्रभूनंही रोगी बरे केले होते. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा ती निवृत्त होती. टीव्हीसमोर उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले.

बेलवाडीहून पुढची गाडी मिळाली. रस्ता आता चौपदरी झालाय. तिच्या पायाखालची वळणं सरळ झाली आहेत. अंथुर्णे गेलं. निमगाव केतकीला पानमळ्यांकडून आलेल्या दोन बायका पानांच्या करंड्या घेऊन चढल्या. त्यांच्या मागून एक तरुण नर्स चढली, खांद्यावर तोच निळा डबा. उजवीकडे एक जागा रिकामी होती, भर उन्हात. ती तिथे बसू लागली.

"ताई, इकडे या, सावलीत," मी म्हणाले आणि उठले. ती खिडकीशी सरकली. तिला पर्स सावरता येईना म्हणून डबा मी मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. इंदापूर येईपर्यंत तो माझ्याकडेच होता.