काळी पाचवी

सातारा जिल्ह्यातील एका शेतकरी घरात पहिल्या महायुद्धाच्या तीन खुणा उरल्या होत्या: चांदीचे एक पदक, शाळेचा एक दाखला आणि एक कुजबुज.

पदक पणजोबांचे. ते १९१५ च्या चैत्रात ‘बसऱ्याला’ गेले आणि परतले नाहीत. दाखला त्यांच्या एकुलत्या मुलाचा. त्यावरची जन्मतारीख १ जून १९१८. कुजबुज अर्थातच पणजीविषयीची. नवरा १९१५ मध्ये गेलेला आणि मुलगा १९१८ चा. हा हिशेब करायला गावाला कागदाची गरज पडली नाही. तिच्यासमोर तो कुणी बोलून दाखवला नाही इतकेच.

या कुजबुजीला एक पुरावाही जोडला जाई. पणजी म्हातारपणी ‘काळी पाचवी’ असे काहीतरी पुटपुटत असे. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवीची पूजा होते, आणि नशिबी आलेल्या दुःखाला आपण पाचवीला पुजलेले म्हणतो. तेव्हा त्या पोराची पाचवीच काळी होती, असे तिलाही वाटे, असा अर्थ भावकीने लावून टाकला.

पणतू शोधाला लागला तो मात्र पदकापासून. त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असतो. संग्राहकांचे लक्ष तिकडे जाते, वंशजांनी कड पाहावी. कडेवर बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इथे पलटण होती १०५.

१०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही मूळची मुंबई लष्कराची पाचवी पलटण. १९०३ मध्ये किचनरने भारतीय पलटणींचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हा मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ मध्ये पुन्हा फेरबदल झाले आणि १०५ वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. आजही ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आहे. क्रमांक दोनदा पुसले गेले तरी शिपायांच्या तोंडचे नाव पुसले गेले नाही. त्या पलटणीला आजही ‘काली पांचवी’ म्हणतात.

पणजी पाचवीच्या पूजेविषयी बोलतच नव्हती. ती नवऱ्याच्या पलटणीचे नाव घेत होती.

एवढ्याने कुजबुज थांबली असती तर बरे झाले असते. पण तारखेचा प्रश्न तसाच होता, आणि पदकाने नवीच अडचण उभी केली. घरात सांगितले जाई की पणजोबा तुर्कांच्या कैदेत गेले. मराठा शिपाई मोठ्या संख्येने तुर्कांच्या हाती पडले ते कुतच्या वेढ्यात. जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तिथे अडकली होती. धान्य संपत आले, घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेने ते मांस बराच काळ नाकारले आणि त्यांची शरीरे अधिक लवकर खचली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. त्यांत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. १०५ वी नव्हती. ती मेसोपोटेमियात लढली, पण या वेढ्यात ती नव्हतीच.

मग १०५ वीचा शिपाई कुतमध्ये कसा?

उत्तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत निघाले. बसऱ्याच्या स्मारकाशी जोडलेल्या त्या यादीत शिपायाच्या नावासोबत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. आडनाव बहुधा नसते, आणि गावाचे स्पेलिंग असे की गावकऱ्यालाही ओळखू येऊ नये. पणजोबांच्या नोंदीत १०५ वीपुढे ‘११० वीशी संलग्न’ असा शेरा होता. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत आणि नंतरच्या तापांत माणसे घटू लागली, तशा भगिनी-पलटणींतून कुमकी धाडल्या गेल्या. पदकावर मात्र मूळ पलटणच ठोकली गेली.

इथे घाईने समाधान मानणे धोक्याचे. संलग्न असणे म्हणजे वेढ्यात असणे नव्हे. कुतपर्यंत पोहोचू न शकलेल्या मराठा शिपायांची एक मिश्र पलटण उभारून तिला सुटकेच्या लढायांत उतरवले होते, आणि तिथेही माणसे मेली. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांतून उलगडा होत नाही. त्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे लिहितात आणि हिंदी शिपायांची संख्या. बसऱ्याच्या स्मारकाचेही तसेच. अधिकाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली, हजारो हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा दिला गेला. ही विषमता आयोगाने उघडपणे मान्य केली ती २०२१ मध्ये.

उलगडा केला जिनिव्हाने. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने त्या युद्धातील कैद्यांच्या याद्या २०१४ मध्ये आंतरजालावर खुल्या केल्या. तिथे बापाच्या नावासह, तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये, पण पदकावरच्याच क्रमांकाने पणजोबा सापडले. ते कुतमध्ये शरण आले होते. पुढे बगदाद, समारा, मोसुल आणि रास अल-ऐनची ती वाट. उपाशी माणसांना वाळवंटातून चालवत नेले गेले आणि जगले-वाचलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. आयोगाच्या यादीत त्यांच्या मृत्यूची तारीख १९१६ च्या अखेरीची आहे.

म्हणजे लष्करी कोडे सुटले आणि कौटुंबिक कोडे अधिकच घट्ट झाले. १९१६ मध्ये कैदेत वारलेला माणूस १९१८ च्या मुलाचा बाप होऊ शकत नाही. आतापर्यंत निदान शंकेला जागा होती. कागदांनी तीही काढून घेतली. शोध इथेच थांबवावा, असे घरातील वडीलधाऱ्यांनी सुचवले. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

पण १ जून ही तारीख महाराष्ट्रात कुणी गंभीरपणे घेऊ नये. जुन्या पिढीतील निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला, असे थट्टेने म्हटले जाते, ते उगीच नव्हे. शाळा जूनमध्ये उघडे. बाप किंवा चुलता पोराला घेऊन येई, जन्मतारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी अंदाजाने वय लावून १ जून लिहीत. बिनबापाचे पोर गुरांमागे राहून उशिरा शाळेत आले, तर पहिलीत शोभेल असे वय लावण्यासाठी वर्षेही कमी केली जात. दाखला जन्माची साक्ष देत नाही, तो शाळेत नाव घातल्याची साक्ष देतो.

जन्माची साक्ष गावाचा कोतवाल ठेवत असे. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कचेऱ्यांतून हीच पुस्तके धुंडाळली जातात. मजकूर मोडीत असतो. म्हणूनच शंभर वर्षे ही वही कचेरीत पडून असूनही भावकीतील कुणाला ती वाचता आली नव्हती.

पणतूने मोडी शिकायला सहा महिने घेतले. दोन उन्हाळे कचेरीच्या फेऱ्यांत गेले. १९१८ च्या पानांवर काही नव्हते, १९१७ आणि १९१६ च्या पानांवरही नाही. नोंद होती १९१५ च्या श्रावणात, म्हणजे पणजोबा गेल्यानंतर चार महिन्यांनी: बापाचे नाव, आजाचे नाव, जात, आणि अपत्याच्या रकान्यात ‘मुलगा’ एवढाच शब्द. मुलाचे नाव नाही, कारण कोतवालाने बारशाची वाट पाहिली नव्हती. त्याच बापाची त्या वहीत दुसरी नोंद नाही.

आजोबा तोवर वारले होते. त्यांच्या तसबिरीखाली अजून १ जून १९१८ हीच तारीख आहे. ती बदलावी की राहू द्यावी, यावर घरात एकमत झालेले नाही.