‘हॅव’ची मूठ आणि मराठीचे ‘असणे’

एरिक फ्रॉम यांचा ‘टु हॅव ऑर टु बी?’ हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच मराठी अनुवादकाला कोड्यात टाकते. ज्या दोन जीवनवृत्तींतून निवड करावयाची असे ग्रंथकार सांगतो, त्या दोन्हींसाठी मराठीत क्रियापद एकच : ‘असणे’.

ही मराठीची उणीव नव्हे. स्वामित्व सांगणारे स्वतंत्र सकर्मक क्रियापद जगातील बहुसंख्य भाषांत नाही. ‘अमुक अमक्याला आहे’ हीच रचना अधिक रूढ आहे, हे एमील बेनव्हेनिस्त यांनी १९६० च्या निबंधात दाखवून दिले. संस्कृत षष्ठी आणि ‘अस्’ यांवर भागवते. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ असतानाही ‘मला आहे’ या अर्थाची ‘मिही एस्त’ ही रचना होतीच. ‘हॅव’ आणि ‘हाबेरे’ यांचे साम्य मात्र फसवे आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनुसार ‘हॅव’चे नाते लागते ते ‘कापेरे’शी, म्हणजे ‘पकडणे’शी. स्वामित्वाच्या मुळाशी अशी आवळलेली मूठ आहे.

या मुठीत इंग्रजी भाषा घर, कन्या, ताप, धैर्य, शंका असे सारेच धरते. मराठीला मात्र प्रत्येक वेळी नात्याचा निर्णय करावा लागतो : तिला मुलगी आहे, तिच्याजवळ पैसे आहेत, तिच्यात धैर्य आहे, तिचे घर आहे. ‘तिच्याकडे मुलगी आहे’ असे म्हणताच ती मुलगी दुसऱ्या कोणाची, तिच्या घरी राहावयास आलेली, असा भास होतो. ‘आय हॅव टु गो’ हे वाक्यही असेच पेचात पाडते. ‘मला जायचे आहे’ यात इच्छेला जागा उरते, ‘मला जावे लागते’ यात ती उरत नाही. संदर्भ पाहून अनुवादकाला एक बाजू घ्यावीच लागते.

यावरून मराठी भाषक निर्लोभ ठरतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ‘हॅव’वाचून येथील सावकारी अडली नाही, की जमिनीचे दावे थांबले नाहीत, सातबाराच्या उताऱ्यावरील ‘भोगवटादार’ हे नाम ते काम चोख करते. व्याकरण नीती शिकवीत नाही. ते फक्त वस्तूशी आणि माणसाशी असलेले नाते उच्चारण्याची सक्ती करते.

आज सैल होत आहे ती हीच सक्ती. ‘मला वेळ नाही’च्या जागी ‘माझ्याकडे वेळ नाही’, ‘तिच्यात धैर्य आहे’च्या जागी ‘तिच्याकडे धैर्य आहे’ अशी वाक्ये अनुवादित गद्यात, आणि आता स्वतंत्र लेखनातही, सहज वावरतात. परभाषेतील शब्द आला तर तो ओळखता येतो, त्याला विरोधही करता येतो. ‘हॅव’ मात्र ‘कडे’ या अस्सल मराठी शब्दाच्या वेषात आला आहे. म्हणून शुद्धलेखनाची कोणतीही तपासणी त्याला अडवीत नाही. अडवू शकेल तो केवळ भाषेचा सावध कान.