पाऊण मिलीमीटर

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ऐकलं की टीव्हीचा अर्धा रोग मला कळतो. "आवाज येते जी, पन चित्र नाही दिसे," असं कोणी म्हणालं की मी टीव्ही चालू करतो, दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि पडद्यावर तिरपी बॅटरी मारतो. काळ्या काचेत बातम्या देणारी बाई दिसते, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी धूसर. म्हणजे चित्र शाबूत आहे, मागचा उजेड गेलाय. बॅकलाइटची पट्टी बदलली की काम झालं.

"उजेड कमी झाला" असं म्हणणारं गिऱ्हाईक मात्र मला घाम फोडतं. कारण तिथे काही जळालेलं नसतं, उजेड कुठेतरी गळत असतो. आणि या पडद्यात गळायला जागा किती! आमच्या सौंदडच्या आसपास सगळा धानाचा मुलूख, म्हणून मी त्याच हिशोबात सांगतो. शंभर किलो धान दिलं की राईस मिलवाल्याने सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यावा, असा सरकारी भरडाईचा हिशोब. एलसीडीच्या पडद्यात मागून शंभर भाग उजेड ओता, समोर पाच-सात भाग निघाले तरी खूप. पहिला पोलरायझर निम्मा खातो. उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळणीत जातो, कारण लाल ठिपक्याला हिरवा आणि निळा उजेड चालत नाही. वर प्रत्येक ठिपक्याच्या तारा आणि काळ्या चौकटी आहेतच. असला कोंड्याचा कारभार काचेत आधीच ठरलेला, त्यात मी काही करू शकत नाही. माझ्या हातात फक्त काचेच्या मागची चार बोटं जागा.

दोन वर्षांपूर्वी नवेगावबांधकडच्या एका गुरुजींचा बत्तीस इंची टीव्ही आला होता. पातळ, कडेला एलईडी असलेला. अशा टीव्हीत दिवे पडद्यामागे पसरलेले नसतात. खालच्या कडेला एकच पट्टी असते आणि तिच्यासमोर तीनेक मिलीमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची प्लेट. उजेड प्लेटच्या कडेतून आत शिरतो आणि आतल्या आत आपटत पुढे जातो. अ‍ॅक्रिलिकमधून हवेकडे जाताना साधारण बेचाळीस अंशांपेक्षा जास्त तिरपा आला तर तो बाहेर पडूच शकत नाही, पुरता परत फिरतो. मग पडदा उजळतो कसा? प्लेट पालथी करून भिंगाखाली धरा. पाठीवर पांढरे ठिपके छापलेले असतात. किरण ठिपक्यावर आपटला की विखुरतो आणि बाहेर पडतो. पट्टीजवळचे ठिपके मोहरीपेक्षा बारीक आणि विरळ. वर सरकत जा, ते फुगत जातात, दाट होतात, पार वरच्या कडेला एकमेकांना टेकायला येतात. उजेड जवळ भरपूर, लांब थोडा, म्हणून जवळ कमी सांडायचा आणि लांब जास्त. तळ्याचं पाणी बांध्यांना देताना हेच करतात. वरच्या बांधीच्या धुऱ्याला तोंड लहान पाडायचं, नाहीतर खालची बांधी कोरडी. प्लेटवर ओरखडा पडला तर तो काळा दिसत नाही, चमकतो, कारण तिथून उजेड वेळेआधी फुटतो. कापडी हातमोजे मी त्यासाठीच घालतो. घामेजल्या बोटाचा ठसा नंतर पडद्यावर ढगासारखा दिसतो.

गुरुजींच्या टीव्हीची पट्टी मी बदलली, सगळं बसवलं, चालू केला. अंधुक. खालच्या कडेला मात्र एक पांढरी रेघ. मला वाटलं, नवी पट्टीच कमजोर. सरळ करंट वाढवला. उजेड थोडा वाढला, ती रेघ त्याहून वाढली. अर्ध्या तासाने मागच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे खरं.

सकाळी पुन्हा उघडला. चादर अंथरून एकेक शीट उतरवली. आधी दोन प्रिझमच्या शीट. त्यांच्यावर डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या आडव्या-उभ्या धारा असतात. सरळ समोर न जाणारा उजेड त्या परत मागे ढकलतात, खालचा पांढरा परावर्तक कागद त्याला पुन्हा वर पाठवतो. मिलमधला सेपरेटर न सोललेलं धान परत शेलरमध्ये टाकतो ना, तसंच. म्हणून तो कागद मळका असेल तर प्रत्येक फेरीत तोटा. शीटना एका बाजूला कान असतात, ते जुळले नाहीत तर शीट पालथी बसली समजा. माझे कान जुळत होते. कागदही स्वच्छ.

शेवटी कडेला डोळा लावून पट्टी पाहिली. मी ती डबल टेपने चिकटवताना पाऊण मिलीमीटर वर चिकटवली होती. प्लेट तीन मिलीमीटरची, आणि दिव्यांचा बराच उजेड तिच्या डोक्यावरून जात होता. ती पांढरी रेघ म्हणजे तोच उजेड. एवढ्यासाठी मी दिव्यांना रात्रभर मनात शिव्या देत होतो.

पट्टी काढून रेषेत बसवली. प्लेटला टेकवली नाही, कारण तापली की प्लेट वाढते आणि दिवे चिरडते. कोपऱ्यातले रबर जागेवर ठेवले, तेवढीच फट. मग रेझिस्टर बदलून करंट कंपनीच्या मूळ आकड्याहूनही थोडा खाली आणला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळा लेप. त्या निळ्या दिव्यासाठी २०१४ साली जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. पण जास्त करंट दिला की तोही उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो आणि लेप करपून पडदा जांभळा पडतो. मोबाइलच्या लक्समीटरवर आकडा कालच्यापेक्षा वर गेला होता, आणि मागचा पत्रा कोमट.

गुरुजी संध्याकाळी आले. म्हणाले, "करंट वाढवला वाटते?"

"नाही जी, कमी केला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिमोट उचलला, मेनूत जाऊन बॅकलाइट शंभरावर नेला आणि म्हणाले, "आता कसं!"