मोठी बोट, लहान बोट

महाबळेश्वराचा घाट उतरून आम्ही आठजण तापोळ्याला पोहोचलो, तेव्हा मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. समोर शिवसागर पसरलेला. कोयनेवरच्या १०३ मीटर उंच धरणानं अडवलेलं, सुमारे ५० किलोमीटर लांबीचं हे पाणी. सोळशी नदी इथंच कोयनेला मिळते.

काठावर दोन मोटरबोटी होत्या. एक रुंद, छपराची. बारा माणसं आरामात बसतील अशी. दुसरी लहान, निमुळती. चालक सोडून पाचांची. मुलांनी अर्थातच लहानीकडे धाव घेतली. "बाबा, ती उडते!"

मी कुटुंबप्रमुख. माझं मत मोठीकडे. रुंद बोट कमी डोलते, दुपारचा वारा सुटला तरी लाटांवर आपटत नाही, डोक्यावर सावली आणि सगळे एकत्र. सौ.नं मान डोलावली, म्हणजे ठराव मंजूरच! मी पाकीट काढलं.

इतका वेळ गप्प असलेली आई नावाड्याला म्हणाली, "बाबा, त्या पलीकडच्या ओढ्यात शिरता येईल का?"

तिनं आपल्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं. मला ते ठाऊक होतं. पण ते इतक्या जवळ आहे हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं. १९६० नंतरच्या वर्षांत पाणी चढलं आणि गाव उठलं. कोणी ठाण्याकडे गेलं, कोणी सोलापूर-सांगलीकडे. आई तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती.

नावाडी म्हणाला, "मोठी न्हाई जायाची, आजी. पाणी उतरलंया, बूड टेकंल. ल्हानी जाईल. पर आपटंल."

"आपटू दे," आई म्हणाली.

धाकट्या भावाचं बिऱ्हाड आणि माझा मुलगा मोठीतून फिरायला गेले. आई, सौ., मुलगी आणि मी लहानीत बसलो. पाय ठेवताच बोट कलली, तेव्हा माझाच जीव वर आला. नावाड्यानं सगळ्यांना जाकिटं चढवली, आईला मागच्या बाजूला, मधोमध बसवलं. "फुडं लई उडतंय, हितं कमी." वजन सारखं वाटलं गेलं, तशी बोट स्थिरावली.

ओढ्याच्या तोंडाशी त्यानं वेग उतरवला, मग इंजिन बंद केलं. चिखलातून देवळाचा चौथरा वर आला होता. आईनं तो ओळखला. तिथून बोटानं अंतर मोजत ती पाण्याकडे आली आणि आमच्या बोटीखालीच थांबली.

"हितं आमचा उंबरा."

इतक्या वर्षांत आईच्या तोंडून 'हितं' मी प्रथमच ऐकलं.

परतताना नावाड्यानं इंजिन सुरू करायला हात घातला, तर उडत्या बोटीसाठी हटून बसलेली माझी मुलगीच म्हणाली, "काका, जरा हळू. खाली आजीचं घर आहे."

वाचकहो, सहलीला कोणती बोट घ्यावी, असं कोणी विचारलं तर मी वारा, माणसं, सावली सगळं सांगतो. पण आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की त्यांना जायचंय कुठं.