दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड 2' असं वाचलं आणि मी तो घडी करून खिशात घातला. घरी बायकोला सांगितलं, "सगळं ठीक आहे." आजाराची भीती वाटली नव्हती, लाज वाटली होती. लिव्हरचं दुखणं म्हणजे दारूचं दुखणं, असंच आमच्या मोहल्ल्यात समजतात. उभ्या आयुष्यात जिला हात लावला नाही तिचा डाग लागणार, या विचारानं मी दोन दिवस गप्प होतो.

त्या दोन दिवसांत मला सारखे मोठे मामू आठवत राहिले.

मामूंचं किराणा दुकान होतं. पाच वक्ताचे नमाजी, फजरला पहिल्या सफमध्ये. पंचावन्नच्या आसपास त्यांच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले. यकृत सुकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभरात ते गेले. मय्यतीला आलेल्यांत कुजबूज चालली होती, "चोरून घेत असतील. उगाच का लिव्हर जातं?" मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मी कुणाला अडवलं नाही, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणालो, "मी घेत नाही." ते हसले. त्यांनी टेप काढून पोटाचा घेर मोजला, 102 सेंटिमीटर. वजन 82 किलो. आपल्याकडच्या पुरुषांत घेर 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोक्याची घंटा समजायची, असं ते म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. कातडीखालची चरबी चिमटीत येते, आतड्यांभोवतीची येत नाही, आणि त्रास तीच जास्त देते. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट यकृतात पोहोचतात. त्याच वेळी शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करतं. यकृताच्या पेशींत चरबी साठत जाते. काहींच्या यकृताला सूज येते, पुढे व्रण पडतात, आणि त्यातल्या काहींचं यकृत बऱ्याच वर्षांनी आकसून कठीण होतं. तोच सिरॉसिस. तोवर बहुतेक वेळा काहीच दुखत नाही.

"दारूचा थेंबही न घेता?" मी विचारलं.

"थेंबही न घेता," ते म्हणाले. या आजाराला आधी 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणायचे. नावातच दारू! 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदललं आणि आजार चयापचयाच्या बिघाडाशी जोडला. जुन्या नावानं रुग्णाच्या कपाळी बट्टा लागतो, हेही त्यामागचं एक कारण होतं.

मामूंना साखरेचा आजार होता. पोट सुटलेलं होतं. दिवसभर गल्ल्यावर बसणं आणि येणाऱ्या प्रत्येकासोबत गोड चहा. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे सांगायला आज कागद उरलेले नाहीत. पण त्यांच्याबद्दल वाईट गुमान करायला माझ्याकडे तेव्हाही काही आधार नव्हता. फार शंका घेऊ नका, असं कुरआन सांगतं. ते मला पाठ होतं, तरी मी शंका घेतली.

घरी येऊन कागद बायकोपुढे ठेवला. तिनं आधी माझी आणि मग आमच्या दस्तरखानाची हजेरी घेतली. पूर्ण रोजे ठेवूनही दर रमजानमध्ये माझं वजन वाढायचं. इफ्तारला भजी, समोसे, लाल सरबताचे दोन ग्लास, आणि तरावीहनंतर पुन्हा जेवण. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण मी लोकांना ऐकवत होतो आणि स्वतः तिन्ही भाग बिर्याणीनं भरत होतो.

सरबत आणि गोड चहा बंद केला. इफ्तार खजूर, पाणी, फळं आणि चण्यांवर आली. भाताच्या जागी ज्वारीची भाकरी, सोबत डाळ आणि भाजी. मशिदीत स्कूटरवर जायचो, तो पायी जाऊ लागलो, आणि इशानंतर पाऊण तास चालणं. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृताची सूजसुद्धा कमी होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. आठ महिन्यांत मी 75 किलोवर आलो, घेर 94 झाला. परवाच्या सोनोग्राफीत ग्रेड 1 आला, अल्हम्दुलिल्लाह. अजून चार सेंटिमीटर बाकी आहेत.

घरात शिवणाची टेप असेल तर आजच सगळ्यांचे घेर मोजा. पुरुषांचा साडेपस्तीस इंचांपुढे, बायकांचा साडेएकतीस इंचांपुढे असेल तर डॉक्टरांना दाखवा. साखरेची औषधं चालू असतील तर रोज्यांआधी त्यांचा सल्ला घ्या. आणि कुणाला लिव्हरचा आजार झाल्याचं कळलं, तर तो पहिला प्रश्न मनातसुद्धा आणू नका.

गेल्या महिन्यात मी मामींकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक काय बोलत होते, मला माहीत होतं रे. इद्दत संपली तरी मी वर्षभर कुणाच्या दारात गेले नाही. जा, त्यांच्या कबरीवर जाऊन दुआ कर."

त्या जुम्म्याला मी कब्रस्तानात गेलो. पायीच गेलो.